एकदा सोडून

कमरीपेठेत एक दुकान होतं. त्याच्या पाटीवर निळ्या ऑइलपेंटमध्ये, वर कानडीत आणि खाली मराठीत, एकच वाक्य लिहिलेलं होतं: 'येथून गेलेले परत आलेले नाही.' दुकानाचं नाव नाही, मालकाचं नाही, आत काय मिळतं तेही नाही. नवा माणूस पाटी वाचून जरा भरभर पुढं जायचा. एकदा तर गल्लीत कुणी वारलं होतं, तेव्हा त्यांच्याकडची दोन माणसं बांबू, मडकं आणि पांढरं कापड मागायला आत शिरली. दुकानाचे मालक अण्णा, त्यांनी दोघांना बसवलं, पाणी दिलं, ते सामान कुठल्या गल्लीत मिळतं ते सांगितलं आणि मग विचारलं, उंची मोजून आणलीय का.

दुकान मोटारसायकलच्या सुट्या भागांचं होतं, आणि त्यातही मुख्यतः स्प्रॉकेटचं. स्प्रॉकेट म्हणजे जिनं गाडी ओढली जाते ती चेन ज्याच्यावरून फिरते ते दातेरी चक्र. अण्णा त्याला नुसतं 'चक्र' म्हणत. तिन्ही भिंतींवर खिळे आणि खिळ्यांना दातांच्या संख्येप्रमाणे लावलेली चक्रं. रस्त्यावरून ट्रक गेला की सगळं दुकान बारीक किणकिणायचं. एवढी चक्रं समोर दिसत असूनही त्यातलं एक विकत मिळवणं भलतं अवघड होतं. माल विकायला दुकान उघडतात, हे अण्णांना कुणी सांगितलं नसावं. त्यांच्या मते दुकान हे चुकीचा माल चुकीच्या गाडीवर जाऊ नये म्हणून उघडलेलं ठाणं होतं.

पुढं त्या पाटीवर निळ्या अक्षरांखाली लाल रंगात दोन शब्द वाढले: 'एकदा सोडून.' अक्षर अण्णांचं स्वतःचं, वेडंवाकडं. त्या दोन शब्दांवर पेठ हसली. अण्णांच्या हातून चूक झाली, असं तिथली जुनी माणसं अजून सांगतात. चूक त्यांची नव्हती, माझी होती, आणि चूक हा शब्दही मी स्वतःची भीड ठेवून वापरतोय. मी खोटं बोललो होतो. परवा घराला रंग द्यायला सामान हलवलं, तेव्हा पलंगाखालून एक जड पिशवी निघाली आणि सूनबाईंनी विचारलं, हे एवढे नट-बोल्ट कशाचे? पंचाहत्तरी उलटलेल्या माणसाला उत्तर द्यायला इतका वेळ लागू नये. म्हणून लिहायला बसलो.

मी तेव्हा वजनमाप खात्यात होतो. सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं. माझं काम अमरगोळच्या मार्केट यार्डात. अडत्यांची वजनं, तराजू आणि मापं तपासायची, बरोबर असतील त्यांच्यावर शिक्का मारायचा, नसतील ती जप्त करायची. राहायला धारवाडला होतो, म्हणून जायला-यायला एक जुनी मोटारसायकल घेतली होती, दोन सायलेन्सरची. ती चढावर मागून कुणीतरी दात खात असल्यासारखा आवाज करू लागली, तेव्हा मिस्त्रीनं चक्र बदलायला सांगितलं आणि मी कमरीपेठेत आलो.

अण्णा स्टुलावर बसले होते. उंच, वाळके, धोतरावर खाकी अर्ध्या बाहीचा शर्ट, कानावर खडू. मी गाडीचं नाव सांगायला तोंड उघडलं तसा त्यांनी पोलिसासारखा हात वर केला.

"नाव सांगू नको. नाव ऐकून सामान देणारा समोर बसलाय. जुनं आण."

समोर खरोखरच एक दुकान होतं. मालक गोल, हसरा, लिंगायत माणूस. त्याला आम्ही सगळे सावकार म्हणायचो. त्याची पद्धत अगदी उलटी. त्याच्याकडं कुठल्याही गाडीसाठी कुठलंही चक्र मिळायचं. नाही जुळलं तर गल्ल्याखालून कानस काढायचा, भोकं जरा इकडं जरा तिकडं घासायचा, वर हातोड्याचे दोन प्रेमळ ठोके द्यायचा. "आमचं काय, बसवलं की बसतं," असं तो कानडीत सांगायचा, अण्णांना ऐकू जाईल अशा आवाजात. अण्णा त्याच्याकडं न बघता म्हणायचे, "लोखंडाला तोंड नाही म्हणून चाललंय."

दुसऱ्या दिवशी मी माझं जुनं चक्र घेऊन गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा ती परीक्षा पाहिली. आधी एका दातावर खडूची खूण करून दात मोजले. मग उलट्या दिशेनं पुन्हा मोजले. मी विचारलं, दोनदा कशाला? तर म्हणाले, सुरुवातीचा दात शेवटी परत मोजायची माणसाला खोड असते, उलट फिरलं की खोड सापडते. मग मधल्या भोकात लाकडाच्या खुंट्या घालून बघितल्या. या खुंट्या त्यांनी सुताराकडून खास उतरवून घेतल्या होत्या आणि बायकोच्या जुन्या पोलक्याच्या कापडात गुंडाळून ठेवल्या होत्या. मग जुनं आणि नवं चक्र गल्ल्याच्या काचेवर आडवं ठेवून डोळा काचेला लावला. चेनचा तुकडा दातांवर गुंडाळून मागच्या बाजूनं ओढून पाहिला. शेवटी दोन्ही चक्रं एकमेकांवर ठेवून, बोल्टच्या भोकांत पेन्सिली खोचून, दारात उभं राहून उन्हाकडं धरली.

बराच वेळ ते तसेच उभे. मी विचारलं, "काय झालं अण्णा?"

"उजेड आहे," ते दुःखानं म्हणाले.

कुठंतरी केसाएवढी फट दिसली होती. ते चक्र परत खिळ्यावर गेलं. तिसऱ्या चक्राला उजेड दिसला नाही, तेव्हा त्यांनी ते कागदात गुंडाळलं, कागदावर पेन्सिलीनं 'बसतं' असं लिहिलं आणि सही केली. मगच माझ्या हातात दिलं. मी जुनं चक्र उचलायला गेलो तर म्हणाले, "तडी." थांब. जुन्या चक्राच्या तेलकट अंगावर त्यांनी वर्तमानपत्राचा कागद पसरला आणि तळव्यानं दाबत गेले. दात, भोकं, सगळं काळं उमटलं. माझ्या चक्राचा एक दात टोकाला तुटलेला होता, तोही स्पष्ट आला. त्यांच्याकडं आलेल्या प्रत्येक जुन्या चक्राचा असा ठसा त्यांनी फायलींत लावून ठेवला होता. घर मागंच होतं. अक्का, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या की लग्नात आणलेली ट्रंक पहिल्या दोन वर्षांतच ठशांना गेली.

अक्कांचा छळ एवढ्यावर थांबत नव्हता. त्यांच्या प्रेशर कुकरचं रबर एकदा फाटलं. अण्णा नवं रबर आणायला जायचे, झाकण बरोबर घेऊन. बाजारातलं प्रत्येक रबर झाकणाला लावून उन्हाकडं धरायचे आणि उजेड आहे म्हणून परत यायचे. शेवटी अक्कांनी कुकर माळ्यावर टाकला आणि डाळ पातेल्यात शिजवायला लागल्या. चपला घेताना अण्णा ओला पाय कागदावर उमटवून तो कागद दुकानदाराला दाखवायचे. स्वतःचा पाय बरोबर असतानाही. माझं लग्न जमवायला घेतलं तेव्हा मी त्यांना सांगितलं, पत्रिका जुळलीय. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "पत्रिका म्हणजे ठसाच की. मूळ कधी बघणार?"

ठशांवर त्यांचा पूर्ण भरवसा नव्हता, हे यावरून कळेल. कागद सरकतो, पावसाळ्यात फुगतो, दाबणाऱ्याचा हात हलतो. म्हणून गिऱ्हाईकानं जुनं चक्रच आणायचं, हा नियम. पण साऱ्या मुलखात पाच माणसं अशी होती की त्यांनी आणलेला नुसता ठसा अण्णांना चालायचा. त्यातला एक अळणावरचा लाकूडवखारवाला. हा पहिल्यांदा आला तेव्हा रिकाम्या हातानं आला म्हणून अण्णांनी त्याला चहा पाजून परत पाठवला होता. तो शिव्या देत समोर सावकाराकडं गेला, घासून घेतलेलं चक्र घेऊन गेला आणि आठवड्यात जंगलातून गाडी ढकलत घरी आला. तेव्हापासून तो अण्णांचा भक्त झाला. चाक काढायचा, ठसा घ्यायचा आणि कागद रेल्वेच्या ओळखीच्या गार्डाबरोबर पाठवायचा. चक्र परतीच्या गाडीनं जायचं.

आणि पाचांतला शेवटचा मी. मी काही सिद्ध केलं नव्हतं. माझं खातं ऐकूनच अण्णा स्टुलावरून उठले होते. "म्हणजे तू आणि मी एकाच खात्यातले," असं म्हणाले. सरकारी शिक्का मारणारा माणूस मापात खोटं करणार नाही, असा त्यांचा सरळ हिशेब होता. दुकानात कुणी असलं की ते माझी ओळख करून द्यायचे: "याचा ठसा चालतो मला."

आता त्या दिवसाकडं यायला हवं. तीन पानं मी ते टाळलं.

आमच्या साहेबांकडंही माझ्यासारखीच दोन सायलेन्सरची गाडी होती. दिसायला तीच, रंगही तोच, फक्त चार-पाच वर्षांनी नवी. साहेब रागीट. गाडीनं चढावर दात खायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी मला बोलावून सांगितलं, "तुमचा तो कमरीपेठेतला वेडा आहे ना, त्याच्याकडून चक्र आणा. आमचा माणूस रविवारी बसवेल." मी जाऊन शनिवारी साहेबांच्या क्वार्टरवर चाक उतरवायचं, चक्राचा ठसा घ्यायचा आणि तो संध्याकाळी अण्णांना द्यायचा, असं ठरलं.

शनिवारीच चार वाजता मला धारवाडात मुलगी बघायला जायचं होतं. माझ्या अंगात नवा पांढरा शर्ट होता, आईनं नीळ देऊन इस्त्री केलेला. चेनची पेटी उघडायची म्हणजे कोपरापर्यंत काळं होणं आलं, आणि ते काळं दोन दिवस निघत नाही. मी साहेबांच्या फाटकापर्यंत गेलो, शर्टाकडं पाहिलं आणि परत फिरलो. घरी मागच्या अंगणात माझं जुनं चक्र पडलेलं होतं. आई ते पाण्याच्या बादलीवरच्या ताटावर वजन म्हणून ठेवायची, मांजर ताट पाडते म्हणून. गाडी तीच, रंग तोच, मग चक्र वेगळं कशाला असेल? मी त्याला थोडं तेल लावलं, लांब हात करून कागद दाबला, दोन बोटं पुसली आणि मुलगी बघायला गेलो.

संध्याकाळी ठसा घेऊन कमरीपेठेत आलो. मुलगी पसंत होती, त्या आनंदात होतो. अण्णांनी कागद काचेवर पसरला.

"साहेबांचा?"

"हो."

"चाक उतरवलंस?"

"हो."

"तू स्वतः?"

"हो अण्णा."

त्यांनी माझ्या शर्टाकडं पाहिलं. म्हणाले, "एक डाग नाही. हात साफ आहे तुझा." हे त्यांनी कौतुकानं म्हटलं, म्हणून मी ते कौतुक म्हणून घेतलं. मग त्यांनी अर्धा तास लावून चक्र निवडलं, 'बसतं' लिहिलं, सही केली.

ते बसलं नाही. कंपनीनं मधल्या वर्षांत बोल्टची भोकं ज्वारीच्या दाण्याएवढी बाहेर सरकवली होती. गाडीचं नाव आणि साल विचारणाऱ्या कुठल्याही दुकानदाराला हे कळलं असतं. अण्णा नाव ऐकून घेत नसत.

सोमवारी साहेब मला मागं बसवून स्वतः कमरीपेठेत आले. ऑफिसच्या जीपमधून, म्हणजे अख्खी पेठ बघेल अशा थाटात. चक्र त्यांनी अण्णांच्या काचेवर टाकलं. "हे तुमचं बसतं?" त्यांनी कागदावरची सही वर धरून दाखवली. आजूबाजूचे पत्रेवाले, घड्याळवाला, सायकलवाला, सगळे जमले. इतक्या वर्षांत अण्णांचं काही परत आलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर या क्षणाची ते मनातून वाट बघत होते. सावकार रस्ता ओलांडून प्रथमच अण्णांच्या पायरीवर चढला, हातात कानस.

"द्या साहेब," तो म्हणाला, "पाच मिनिटांत बसवतो."

लोक हसले. अण्णांनी कुणाकडंही पाहिलं नाही. त्यांनी फायलीतून माझा ठसा काढला, चक्र त्यावर ठेवलं आणि कडेनं बोट फिरवलं. टोकांची झीज सोडली तर दात, भोकं, सगळं तंतोतंत जुळत होतं. त्यांना काही समजेना. परीक्षेत बरोबर सोडवलेलं गणित चुकीचं ठरल्यावर हुशार मुलाचा जसा चेहरा होतो तसा त्यांचा चेहरा झाला. मग त्यांनी साहेबांच्या मागं उभा असलेल्या मला शोधलं.

"चाक तूच उतरवलंस ना रे?"

एक शब्द पुरला असता. साहेब माझ्या पुढं उभे होते. वजनमाप खात्यातल्या माणसानं खोटं माप दिलं, हे त्यांच्या कानावर गेलं असतं तर पुढं काय झालं असतं ते मला माहीत होतं, कारण अशा प्रकरणांचे कागद मीच टाइप करायचो. शिवाय पसंती होऊन दोनच दिवस झाले होते.

"हो अण्णा," मी म्हणालो.

"मग चूक माझीच," ते म्हणाले. आतून शिडी आणली, लाल रंगाचा डबा आणला आणि सगळ्यांच्या देखत पाटीखाली दोन शब्द लिहिले. कानडीतही लिहिले. रंगाचा एक ओघळ निळ्या अक्षरांवर आला, तो त्यांनी धोतराच्या टोकानं पुसला. साहेबांचं चक्र सावकारानं कानस लावून बसवलं, आणि मला सांगायला वाईट वाटतं, ते पुढं सात वर्षं चाललं.

गंमत अशी की त्या दोन शब्दांनी दुकान वाढलं. आधी पाटी वाचून लोकांना ती थाप वाटायची. आता जो माणूस एकदा चुकल्याचं लिहून ठेवतो त्याचं बाकीचं खरं असणार, असं लोक धरून चालले. सावकारालाही टोमणे मारण्यात पूर्वीची मजा येईना. अवघड गाडी आली की तो स्वतःच समोर बोट दाखवायचा. अण्णांना मात्र या गर्दीचा उपद्रव व्हायचा. आणि एक बदल झाला. कागदावर ते आता 'बसतं' असं लिहीत नसत, 'बसावं' असं लिहीत. ठसे घेणंही त्यांनी बंद केलं. पाचही माणसांना नियम लागू झाला. अळणावरचा वखारवाला यानंतर अख्खं चाक गोणपाटात बांधून पॅसेंजरनं यायचा. त्या चार निरपराध माणसांची माफी मी इथंच मागून घेतो.

मला वाटलं होतं, मी आता कमरीपेठेत पाऊल टाकणार नाही. पण गाडी जुनी होती, तिला दर दोन-तीन महिन्यांनी काही ना काही लागायचं, आणि सावकाराकडं जायची लाज वाटायची. म्हणून जात राहिलो. अण्णा पूर्वीसारखेच वागायचे. लग्नाला आले, अहेर म्हणून माझ्या बायकोला स्टीलचा डबा दिला. त्याचं झाकण त्यांनी दुकानात उन्हाकडं धरून बघितलं होतं, असं अक्कांनी सांगितलं.

फक्त एक नवी गोष्ट. सामान गुंडाळून हातात देताना ते आता विचारायचे, "आणखी काही?"

ज्या माणसाला एक वस्तू विकणं जिवावर यायचं, तो दुसरी घेतोस का म्हणून विचारतोय, याचं मला नवल वाटायचं. दुसऱ्या कुणा गिऱ्हाइकाला ते असं विचारताना मी ऐकलं नाही. विचारून ते घाई करायचे नाहीत. हात काचेवर, मान किंचित पुढं, बराच वेळ. मला ते सहन व्हायचं नाही. मी म्हणायचो, "सहा नट द्या." ते द्यायचे. पुन्हा म्हणायचे, "आणखी काही?" मी म्हणायचो, "ग्रीसचा डबा." असं करत मी कधी वायसर, कधी स्प्रिंगा, कधी चेनची जोडकडी, एकदा तर माझ्याकडं नसलेल्या स्कूटरची क्लचची तार घेऊन घरी आलो. बायको म्हणायची, गाडी एक आणि तिच्या अंगावर एवढं सामान. नट-बोल्ट मी एका पिशवीत टाकत गेलो. आठ वर्षं.

बायकोला मी हे सगळं लग्नानंतर वर्षभरानं सांगितलं. पांढरा शर्ट, आईची नीळ, इस्त्री, काही सोडलं नाही. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुठला पांढरा शर्ट? मला तर निळा आठवतोय." सांगून टाका अण्णांना, असं ती दर वेळी म्हणायची. मी म्हणायचो, साहेबांची बदली होऊ दे. साहेबांची बदली झाली. मग म्हणालो, बढती होऊ दे. बढतीही झाली. मग कारण उरलं नाही, तरी सांगणं राहिलं.

अण्णा वारल्याचं मला आठ दिवसांनी कळलं. अमरगोळला एका अडत्यानं बोलता बोलता सांगितलं. झोपेतच गेले, म्हणाला. मी लगेच जायला हवं होतं. गेलो वर्षभरानं, ती पिशवी घेऊन. का घेऊन गेलो ते मला नीट सांगता येत नाही. परत करावी असं वाटत होतं एवढं खरं.

दुकान बंद होतं. मागच्या घरात अक्का एकट्याच होत्या. मला ओळखून त्यांनी बसायला सांगितलं, चुरमुरे, कांदा आणि चिंचेचा कोळ घालून गिरमिट केलं, बशी पुढं ठेवली. नव्या कुकरची शिट्टी झाली. माझं लक्ष गेलेलं बघून त्या म्हणाल्या, "त्यांच्यामागं एवढी एकच चैन केली मी. उजेड आहे अजून, पण डाळ शिजते." मी खाल्लं. बशी रिकामी झाली तसं त्यांनी विचारलं, "आणखी काही?"

त्यांनी गिरमिटाबद्दलच विचारलं होतं. पण मला काय झालं कळलं नाही, मी सगळं सांगून टाकलं. शर्ट, बादलीवरचं चक्र, चार वेळा म्हटलेलं हो. त्या ऐकत राहिल्या. मग उठल्या, ट्रंक उघडली आणि एक फाईल आणून माझ्या मांडीवर ठेवली. वरच दोन कागद टाचणीनं एकत्र लावलेले होते. दोन ठसे. दोन्हींत एकाच जागी एक दात टोकाला तुटलेला. खाली अण्णांच्या अक्षरात: 'एकच चक्र.'

"त्याच दिवशी दिवेलागणीला सापडलं त्यांना," अक्का म्हणाल्या. "मी म्हटलं, उद्याच जा आणि त्या साहेबाच्या तोंडावर मारा. तर म्हणाले, पोराचं लग्न ठरलंय, नोकरी मापाची आहे, कशाला. तो येईल सांगायला. मी म्हटलं, नाही आला तर? म्हणाले, नोडोण. बघू. मी विचारत राहीन की."

बोलण्यासारखं होतं ते नऊ वर्षांपूर्वी.

पाटी पडवीत भिंतीला टेकवून ठेवली होती. थोड्या वेळानं मी म्हणालो, "अक्का, घासलेट आणि फडकं द्या. ते लाल शब्द मी पुसतो. ते खोटे आहेत."

"खोटं कुठं आहे त्यात? परत आलं होतं की." त्या पाटीकडं बघत होत्या. "त्यांनी लिहिलंय ते राहू दे. तुला काही लिहायचं असेल तर तुझ्या घरी लिही."

मग मी पिशवी पुढं सरकवली. त्यांनी आत हात घालून बघितलं. नट, वायसर, ग्रीसचे न उघडलेले डबे, स्कूटरची तार. त्यांनी विचारलं, हे एवढं कशाला घेतलंस रे? मी म्हणालो, ते विचारायचे, आणखी काही, म्हणून. अक्का माझ्याकडं बघत राहिल्या आणि मग हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. ते पाणी सगळंच हसण्याचं होतं असं मी म्हणणार नाही.

"हे तरी परत ठेवून घ्या," मी म्हणालो.

अक्कांनी डोळे पुसले, पिशवीचे बंद बांधले आणि ती माझ्या हातात दिली.

"पाटी वाच," त्या म्हणाल्या. "एकदा सोडून, असं लिहिलंय. दोनदा नाही."